टर्बो इंजिन बांधायला काढलंय? आतलं काय बदलायचं आणि काय तसंच ठेवायचं

सातारा-सांगली भागात टर्बो गाडीचं इंजिन उघडायची वेळ आली की मालकाला दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक जण म्हणतो, "रिंग-पिस्टन टाका, बेअरिंगा टाका, गाडी पळायला लागंल." दुसरा म्हणतो, "आता उघडलंच आहे तर सगळं फोर्ज्ड टाकून घ्या, परत बघायलाच नको." (फोर्ज्ड म्हणजे ओतण्याऐवजी दाबून घडवलेले, जास्त मजबूत भाग.) पहिल्याने इंजिन कशामुळे गेलं हे विचारलेलं नसतं. दुसऱ्याने गाडी काय काम करणार हे विचारलेलं नसतं. आणि आतला कुठला भाग वरच्या दर्जाचा टाकायचा हे ठरतं ते याच दोन प्रश्नांवर.

हा लेख पहिल्यांदाच टर्बो इंजिन उघडणाऱ्यासाठी आहे, मग तो गाडीचा मालक असो की गॅरेजात नवा लागलेला मुलगा. आपल्याकडे स्विफ्टचं १२४८ सीसी, स्कॉर्पिओचं २१७९ सीसी आणि इनोव्हाचं २४९४ सीसी अशी टर्बो डिझेल इंजिनं जास्त दिसतात, म्हणून बोलणं मुख्यतः डिझेलचं आहे. पेट्रोल टर्बोचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय.

पायरी १ : धुण्याआधी बघा

इंजिन उघडलं की पोरं लगेच डिझेल आणि ब्रश घेऊन बसतात. थांबवा त्यांना. घाण, काजळी, तेलाचा थर हे सगळे पुरावे आहेत. सुटणारा प्रत्येक भाग क्रमाने मांडा, कुठल्या सिलिंडरचा आहे ते त्यावर लिहा आणि फोटो काढून ठेवा.

पिस्टनचा माथा आधी बघा. एका बाजूने कड वितळलेली असेल, अ‍ॅल्युमिनियमचे शिंतोडे हेडवर उडालेले असतील, तर बहुतेक वेळा त्या सिलिंडरचा इंजेक्टर बिघडलेला असतो, म्हणजे तो गळतोय किंवा फवारा नीट मारत नाही. अशा इंजिनात कितीही भारी पिस्टन टाका, तोच इंजेक्टर परत बसवला तर तोही जळणार. इथे पिस्टनच्या आधी चारही इंजेक्टरची टेस्ट करून घ्यायला हवी. पेट्रोल टर्बोमध्ये रिंगांच्या दोन खोबण्यांमधली पट्टी तुटलेली दिसली तर नॉकिंग (इंधन आपोआप धडाक्याने पेटणं) झालंय असं समजा, विशेषतः कमी आरपीएमला खालचा गियर न टाकता जोर काढल्यामुळे.

मग इनटेकचा पाइप. एअर फिल्टरच्या पुढचा, टर्बोकडे जाणारा होज काढा आणि आतून पांढऱ्या कापडाने पुसा. कापडावर मातीचा रंग आला तर इंजिन धुळीने गेलंय. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत फिरणाऱ्या आणि उसाच्या हंगामात शेतरस्त्यांवर राबणाऱ्या गाड्यांत हे नेहमीचं आहे. अशा इंजिनाची वरची रिंग घासून पातळ झालेली असते, रिंगेची फट वाढलेली असते आणि बोअरवरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरच्या, होनिंगच्या (तेल धरून ठेवणाऱ्या बारीक घासकामाच्या) रेषा जाऊन भिंत आरशासारखी चकाकते. टर्बोच्या कंप्रेसर व्हीलची पातीही बोथट होतात. अशा गाडीला सगळ्यात मोठं अपग्रेड म्हणजे फिल्टरचा चांगला बसणारा डबा, नवे होज आणि नवे क्लिप.

बेअरिंगचे शेल (अर्धगोल पट्ट्या) मात्र निवांत वाचायचे असतात. कनेक्टिंग रॉडचा वरचा शेल, म्हणजे टोपीतला नव्हे तर रॉडकडचा, हातात घ्या आणि उजेडात तिरपा धरा. करडा, मंद, सारखा रंग असेल तर बेअरिंग नीट चाललंय. मधोमध तांब्याचा रंग उघडा पडला असेल आणि खालचा शेल तुलनेने चांगला असेल, तर वरून दाब जास्त येत होता. जळण्याचा सगळा दाब पिस्टनवरून याच शेलवर उतरतो. गाडीला रिमॅप किंवा चिप (ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये केलेला बदल) बसवलेली असेल तर कारण तिथे शोधा. दोन्ही शेल काळेनिळे पडले असतील तर तेल पोचलं नाही. आणि पृष्ठभागात बारीक चमकणारे कण रुतलेले असतील तर तेलातून धातू फिरत होता. मग तो कुठून आला हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

डिपस्टिकवरचं तेल बोटावर घेऊन वासही घ्या. डिझेलचा वास आला, तेल पाण्यासारखं पातळ लागलं, तर इंजेक्टरची गळती किंवा बीएस-६ गाड्यांत डीपीएफचं (एक्झॉस्टमधली काजळी पकडणाऱ्या फिल्टरचं) अर्धवट राहिलेलं रिजनरेशन, म्हणजे साचलेली काजळी जाळण्याचं काम, हे कारण असू शकतं. पातळ झालेलं तेल बेअरिंग संपवतं आणि दोष मात्र बेअरिंगच्या कंपनीला जातो.

पायरी २ : गाडी कुठे आणि कशी चालणार ते लिहून काढा

एक कागद घ्या आणि त्यावर तीन गोष्टी लिहा: गाडी रोज कुठल्या रस्त्याने जाते, किती भार ओढते, आणि ताकद मूळची ठेवायची की वाढवायची.

रस्ता कशासाठी, तर आपला भाग घाटांचा आहे. पुण्याहून येताना खंबाटकी, वाईहून पाचगणीला जाताना पसरणी, चिपळूणहून कऱ्हाडकडे येताना कुंभार्ली. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब चिपळूणच्या तुलनेत जवळजवळ १५ टक्के कमी असतो. इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळीत) एकूण २.२ बार दाब हवा असेल तर चिपळूणला टर्बोला बाहेरच्या हवेचा दाब साधारण २.२ पट करावा लागतो, महाबळेश्वरला साधारण २.५५ पट. म्हणजे तीच ताकद काढायला टर्बो जास्त वेगाने फिरतो, हवा जास्त तापते, एक्झॉस्टचं तापमान वाढतं. माणसं भरून पसरणी चढणाऱ्या टॅक्सीचा पिस्टन आणि सांगली-मिरज सपाट रस्त्यावर फिरणाऱ्या त्याच गाडीचा पिस्टन यांना सारखा ताप होत नाही.

ताकदीच्या बाबतीत स्वतःशी प्रामाणिक राहा. मूळ ताकद ठेवायची असेल तर कंपनीच्या दर्जाचे भाग पुरेसे आहेत. तीच इंजिनं नीट देखभाल केल्यावर लाखो किलोमीटर चालतात. १५-२० टक्के वाढवायची असेल तर ठरावीक दोन-तीन जागा मजबूत कराव्या लागतात. त्यापुढे गेलात तर आतलं जवळजवळ सगळं, शिवाय क्लच, गिअरबॉक्स आणि ब्रेकही हिशेबात येतात.

एक कायद्याची गोष्ट इथेच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही. मूळ मापाचे भाग घालून केलेलं इंजिनकाम ही दुरुस्ती झाली. पण क्षमता किंवा मूळ तपशील बदलायचा विचार असेल तर आधी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांकडे चौकशी करा. अपघातानंतर दावा नाकारला गेला तर इंजिनावर वाचवलेला सगळा पैसा तिथे जातो.

पायरी ३ : मोजा, मग खरेदी करा

नवखा माणूस हमखास उलटं करतो. आधी पिस्टन सेट आणतो, मग बोअरिंगवाल्याकडे जातो. क्रम असा ठेवा: ब्लॉक, क्रँक आणि हेड आधी मशीनशॉपला, मापं हातात, त्यानंतर दुकानात.

बोअर तीन उंचींवर आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी डायल गेजने मोजायचा. वरच्या भागात, जिथे वरची रिंग थांबते तिथे, झीज सर्वात जास्त असते. क्रँकचं प्रत्येक जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजायचं आणि नखाने आडवं चाचपायचं. नख अडकलं तर ती रेघ नुसत्या पॉलिशने जाणार नाही. हेड आणि ब्लॉकचा पृष्ठभाग सरळपट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) तपासायचा. बऱ्याच हेडला ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक चालत नाही. नेमकी मर्यादा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असते आणि शेवटचा शब्द त्याचाच.

सातारा एमआयडीसी, कऱ्हाड, कुपवाड, मिरज इथे लेथ आणि ग्राइंडिंगचं काम जाणणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये उभी राहिली तेव्हापासून या पट्ट्यात मशीनचं काम घराघरांत शिरलंय. एखादं काम इथे होत नसेल तर कोल्हापूरचं उद्यमनगर जवळ आहे. मशीनशॉप निवडताना एकच प्रश्न विचारा: "दादा, मापं लिहून द्याल ना?" जो कागदावर आकडे देतो त्याच्याकडे काम द्या. "बरोबर करतो, काळजी करू नका" एवढंच उत्तर आलं तर पुढचं दुकान बघा.

पायरी ४ : एकेक भाग घेऊन ठरवा

पिस्टन

डिझेल टर्बोचा पिस्टन साधा नसतो. अ‍ॅल्युमिनियम साधारण ६६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि चढावर टर्बोच्या आधीचं एक्झॉस्ट तापमान ७०० अंशांपर्यंत किंवा त्यापुढे जाऊ शकतं. तरी पिस्टन टिकतो, कारण खालून तेलाचा फवारा त्याला सतत थंड करत असतो. अनेक पिस्टनांच्या माथ्याच्या आत तेलासाठी पोकळ नळीही असते. वरच्या रिंगेची खोबणी झिजू नये म्हणून तिथे वेगळ्या लोखंडाचं कडं ओतलेलं असतं. म्हणून स्वस्तातला, हे कडं किंवा ही नळी नसलेला पिस्टन टाकणं म्हणजे मूळ इंजिनापेक्षा खाली जाणं. दिसायला तो सारखाच असतो. जुना आणि नवा शेजारी उलटे ठेवा, तेलाची भोकं दोघांना आहेत का बघा, रिंगेच्या खोबणीत रंगाचा फरक दिसतो का बघा.

माथ्यावरची वाटीही तितकीच महत्त्वाची. इंजेक्टरच्या फवाऱ्याचा कोन आणि वाटीचा आकार एकमेकांसाठी बनवलेले असतात. दुसऱ्या मॉडेलचा पिस्टन "बसतोय" म्हणून टाकला तर फवारा वाटीच्या बाहेर पडतो, धूर येतो, कड जळते. कंप्रेशन कमी केलं तर टर्बोला बरं, हा पेट्रोलवाल्यांचा विचार डिझेलला आंधळेपणाने लावू नका. महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडीत सकाळी गाडी उठायला त्रास देईल आणि पांढरा धूर सोडेल.

फोर्ज्ड पिस्टन कधी? पेट्रोल टर्बोमध्ये बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) मूळच्यापेक्षा बराच वाढवायचा असेल तर. त्यात दोन मिश्रधातू जास्त वापरले जातात. ४०३२ मध्ये सिलिकॉन सुमारे १२ टक्के असतं, तो तापल्यावर कमी फुगतो, त्यामुळे बोअरमध्ये फट कमी ठेवता येते आणि रोजच्या गाडीला बरा पडतो. २६१८ मध्ये सिलिकॉन अगदी कमी. तो मार जास्त सोसतो, पण फुगतो जास्त, त्यामुळे फट जास्त ठेवावी लागते आणि थंड इंजिन खडखडतं. रोज मुलांना शाळेत सोडणाऱ्या गाडीत २६१८ टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मूळ ताकदीच्या डिझेलला कंपनीच्या दर्जाचा पिस्टनच योग्य. श्रीराम, माहले, गोएत्झे यांचे डबे घेताना सील आणि पार्ट नंबर तपासा आणि चारही पिस्टन वजनकाट्यावर ठेवून बघा. खऱ्या सेटमध्ये वजनाचा फरक अगदी थोड्या ग्रॅमचा असतो.

रिंगा

रिंगा नेहमी नव्या, आणि प्रत्येक रिंगेची फट स्वतः मोजायची. रिंग एकटी बोअरमध्ये घाला, उलट्या पिस्टनने २०-२५ मिलिमीटर खाली सरळ ढकला, मग फीलर गेज घाला. मूळ ताकदीला मॅन्युअलचा आकडा. पेट्रोल टर्बोची ताकद वाढवणार असाल तर वरच्या रिंगेला बोअरच्या दर मिलिमीटरमागे साधारण ०.००५ ते ०.००६ मिलिमीटर फट ठेवतात. म्हणजे ७५ मिलिमीटरच्या बोअरला ०.३८ ते ०.४५. पिस्टनबरोबर कागद आला असेल तर त्यावरचा आकडा या हिशेबापेक्षा वरचढ. फट कमी राहिली तर तापल्यावर रिंगेची दोन टोकं एकमेकांना भिडतात, रिंग बोअरला चावते आणि पिस्टनची पट्टी तुटते. फट थोडी जास्त झाली तर जरासं कंप्रेशन जातं, इंजिन वाचतं. टर्बो इंजिनात घट्ट म्हणजे चांगलं हा समज सोडून द्यावा लागतो.

कनेक्टिंग रॉड आणि त्याचे बोल्ट

रॉडवर दोन प्रकारचे ताण येतात आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. जळण्याचा दाब रॉडला वरून दाबतो. हा ताण टॉर्कबरोबर वाढतो आणि कमी आरपीएमला अचानक मोठा बूस्ट आला की सर्वात जास्त असतो. दुसरा ताण पिस्टन वर जाऊन परतताना रॉडला आणि बोल्टांना ओढतो. तो आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ४००० वरून ५००० आरपीएमला गेलात तर वेग सव्वापट, पण ओढ दीडपटीहून जास्त.

डिझेल फार वर फिरतच नाही. म्हणून डिझेलमध्ये रॉड वाकतो तो बहुधा १६००-२००० आरपीएमच्या दरम्यान, हावरट रिमॅपमुळे. उपाय आधी रिमॅपमध्ये आहे. ट्यूनरला सांगा, खालच्या आरपीएमला टॉर्क हळूहळू चढू दे. हे फुकटात होतं आणि रॉड वाचतो. ताकद मूळची असेल तर मूळ रॉड सरळ आहेत का ते तपासून परत वापरा, बोल्ट मात्र नवे टाका. पेट्रोल टर्बो वरच्या आरपीएमला पळवणार असाल तर चांगले बोल्ट आणि फोर्ज्ड रॉड यांच्यावर पिस्टनच्याही आधी पैसे घाला. पिस्टन फुटला तर एक सिलिंडर जातो, रॉड सुटला तर ब्लॉकला भोक पडतं.

आजच्या बऱ्याच रॉडच्या टोप्या तोडून वेगळ्या केलेल्या असतात. त्यांच्या जोडाचा पृष्ठभाग खडबडीत दिसतो आणि तो तसाच असायला हवा. तो घासायचा नाही. एका रॉडची टोपी दुसऱ्याला लावायची नाही.

क्रँक आणि बेअरिंग

क्रँकला आधी भेगेची तपासणी, मग मापं. जर्नल मर्यादेत असेल आणि नख अडकत नसेल तर हलकं पॉलिश करून स्टँडर्ड बेअरिंग टाका. ग्राइंडिंग करायचंच असेल तर ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अंडरसाइज (घासून बारीक झालेल्या जर्नलला बसणारं) बेअरिंग मिळतं का ते आधी बघा. पृष्ठभाग कडक केलेल्या काही क्रँकना ग्राइंडिंगची परवानगीच नसते, कारण कडक थर पातळ असतो आणि तो गेला की जर्नल मऊ राहतं. जर्नलच्या कडेची गोलाई ग्राइंडिंगमध्ये कोपऱ्यासारखी तीक्ष्ण झाली तर क्रँक तिथूनच तुटतो. हे काम घेणाऱ्याला आठवण करून द्यायला संकोच करू नका.

बेअरिंगमध्ये अपग्रेड खरंच उपयोगी पडतं. अ‍ॅल्युमिनियमचं दोन थरांचं बेअरिंग थोडीफार घाण पोटात घेतं आणि रोजच्या गाडीला पुरतं. तीन थरांचं, तांब्याच्या पायावरचं बेअरिंग जास्त दाब सोसतं. टर्बो डिझेलमध्ये अनेकदा रॉडकडचा शेल खास कठीण थराचा असतो आणि टोपीतला साधा. शेलच्या पाठीवर खूण असते. हे दोन अदलाबदल झाले तर इंजिन सुरुवातीला छान चालतं आणि काही दिवसांत बेअरिंग धरतं. जोडणाऱ्याने डबा उघडल्यावर सगळे शेल एकत्र ओतायचे नाहीत.

फट साधारणपणे जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी, म्हणजे ५० मिलिमीटरच्या जर्नलला ०.०५ च्या आसपास. मॅन्युअलची पट्टी सहसा याच्या जवळपास असते. प्लास्टिगेज (दबल्यावर रुंदीवरून फट दाखवणारा मऊ धागा) ठेवून, टोपी पूर्ण टॉर्कला आवळून, परत खोलून मोजा. आवळलेली असताना क्रँक फिरवायचा नाही. फट आणि तेलाचा जाडपणा यांची जोडी असते. मूळ फट ठेवलीत तर कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं तेल घाला. "जाड तेल घातलं की आवाज जातो" हा सल्ला नव्या इंजिनाला लागू नाही.

हेड, गॅस्केट आणि बोल्ट

घाटात तापलेल्या गाडीचं हेड बोल्ट आवळून सरळ होत नाही. आधी गरम पाण्यात प्रेशर टेस्ट, मग फेसिंगचा (पृष्ठभाग घासून सपाट करण्याचा) विचार. काही डिझेल हेडना फेसिंगची मनाई असते, कारण व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. मर्यादेबाहेर वाकलेलं हेड टाकून देण्याची हिंमत ठेवा.

डिझेलची गॅस्केट एकाच जाडीची नसते. पिस्टन वरच्या टोकाला आणून तो ब्लॉकच्या किती वर येतो हे डायल गेजने मोजायचं आणि त्यानुसार गॅस्केटच्या कडेवरच्या खाचा किंवा भोकं मोजून योग्य जाडी घ्यायची. जुनीवर दोन खाचा होत्या म्हणून नवी दोन खाचांचीच, असं धरून चालू नका. पिस्टन, रॉड किंवा ब्लॉकच्या फेसमध्ये काही बदललं असेल तर हिशेब बदलतो. ट्रक-ट्रॅक्टरच्या ओल्या लायनरला (बाहेरून थेट कूलंट लागणाऱ्या, बदलता येणाऱ्या सिलिंडरच्या नळीला) प्रत्येक लायनर ब्लॉकच्या वर सारखा निघतोय का तेही बघायचं.

ताणून आवळायचे हेड बोल्ट एकदाच वापरायचे. ताकद वाढवणार असाल तर बोल्टऐवजी चांगले स्टड (ब्लॉकमध्ये बसवून वरून नट आवळायच्या सळ्या) टाका. टर्बो डिझेलमध्ये पैशाच्या मानाने फायदा देणाऱ्या अपग्रेडमध्ये हे मी अगदी वर ठेवतो. जास्त बूस्टला हेड किंचित उचललं जातं आणि गॅस्केट तिथूनच जाते.

व्हॉल्व्हचे गाइड आणि ऑइल सील नवे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वाकलेला, कडेने जळलेला असेल तर बदला. स्प्रिंगबद्दल एक छोटा हिशेब: ३० मिलिमीटरच्या इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर दीड बार बूस्ट आला तर तो व्हॉल्व्हला साधारण साडेदहा किलोने उघडायला ढकलतो. मूळ बूस्टला मूळ स्प्रिंग हे सांभाळते. बूस्ट बराच वाढवला तर जास्त ताणाची स्प्रिंग लागते. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलण्याची रोजच्या गाडीला गरज नाही.

तेलाचा रस्ता

ऑइल पंपच्या आतली झीज आणि जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह तपासा. शंका असेल तर पंप नवा, पण मूळ क्षमतेचा. मोठा पंप टाकला की तेल जास्त तापतं आणि ताकदही खातो. पिस्टनखालच्या फवाऱ्याच्या नळ्या हवेने साफ करून दिशा तपासा. त्यांपैकी एक वाकडी असेल तर तो पिस्टन उपाशी राहतो. ऑइल कूलर धुऊन समाधान होत नाही. आधीच्या इंजिनात धातू फिरला असेल तर कूलर नवाच घ्या. टायमिंग चेन, टेन्शनर, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट हे सगळं नवं. यावर वाद घालत नाही.

टर्बो

टर्बोचा शाफ्ट लाखाच्या वर, लहान गाड्यांत दोन लाखांच्याही वर आरपीएमने फिरतो. तेलाची आत जाणारी नळी आणि तिचा पोकळ बोल्ट नवा टाका, आत कार्बन साचतो. परतीची नळी सरळ खाली उतरायला हवी, दबलेली चालत नाही. "टर्बो ऑइल टाकतोय" म्हणून बदललेल्या कित्येक टर्बोंमागे ब्रीदर (क्रँककेसमधला दाब बाहेर सोडणारी नळी) चोंदलेला किंवा झिजलेल्या रिंगांमुळे क्रँककेसमध्ये दाब वाढलेला असतो. जुन्या टर्बोची पाती तुटली असतील तर इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारी जाळी) नवा टाका. त्याच्या जाळीत अडकलेला तुकडा पुढे नव्या पिस्टनवर पडतो.

पायरी ५ : पैसे कमी पडले तर

सगळ्यांचेच पडतात. तेव्हा क्रम असा ठेवा. आधी जे कारण सापडलं त्याचा बंदोबस्त, मग मशीनिंग आणि मापं, मग तेल आणि पाण्याचा रस्ता, मग हेडचं सीलिंग, मग बेअरिंग आणि बोल्ट. फोर्ज्ड पिस्टन आणि रॉड सगळ्यात शेवटी. चांगलं होनिंग केलेला बोअर आणि कंपनीचा पिस्टन हे घाईने बोअरिंग केलेल्या ब्लॉकमधल्या महाग पिस्टनपेक्षा जास्त चालतात. साखळीतली एकच कडी जाड करून उपयोग नाही, हे टर्बो इंजिनात अगदी शब्दशः खरं आहे: रॉड मजबूत केला आणि हेड बोल्ट जुनेच ठेवले तर पुढची गॅस्केट जाते.

पायरी ६ : जोडणी, पहिला स्टार्ट आणि पहिले काही किलोमीटर

होनिंग झाल्यावर बोअर साबणाच्या कोमट पाण्याने ब्रश मारून धुवा, पांढरं कापड पांढरंच राहीपर्यंत, आणि लगेच तेलाचा हात फिरवा. डिझेल-रॉकेलने दगडाची पूड निघत नाही. टॉर्क रेंचशिवाय एकही महत्त्वाचा बोल्ट आवळू नका. अंशांमध्ये आवळायचे असतील तर अंश मोजायचं साधन घ्या, अंदाज नको.

पहिल्या स्टार्टआधी टर्बोच्या नळीत तेल भरा, इंजेक्टरचा पुरवठा बंद ठेवून स्टार्टर थोडा-थोडा मारत ऑइलचा दाब येऊ द्या. त्यानंतरच इंजिन सुरू करा. सुरू झाल्यावर तासभर नुसतं आयडलवर ठेवू नका, रिंगा बसत नाहीत आणि बोअर गुळगुळीत होतो. तापमान आलं, गळती नाही हे बघितलं की रस्त्यावर घ्या. सातारा-कऱ्हाड हायवे यासाठी चांगला. मध्यम भार, वेग सतत कमी-जास्त, मधूनमधून पाय सोडून इंजिनाला गाडी धरू द्यायची. पहिले ५०० किलोमीटर पूर्ण भराने पसरणी किंवा कुंभार्ली नको. गाडी थांबवल्यावर अर्धा-एक मिनिट आयडलवर ठेवून मग बंद करा.

५०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यान तेल आणि फिल्टर बदला. जुना फिल्टर फेकून देऊ नका, कापून त्याची घडी उलगडा आणि उन्हात बघा. सुरुवातीची बारीक करडी धूळ चालते. चमकदार पापुद्रे किंवा तांब्याच्या रंगाचे कण दिसले तर गाडी उभी करा आणि ऑइल पॅन उतरवून बेअरिंग बघा. स्वच्छ निघाला तर कूलंटची पातळी आणि ब्रीदरचा धूर तपासा, हेडच्या बोल्टांना मॅन्युअल सांगत असेल तरच परत टॉर्क द्या. रिमॅप करायचाच असेल तर तो दुसऱ्यांदा तेल बदलल्यानंतर, आणि त्या वेळी चढावर एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा गेज बसवूनच.